आतड्याची पुनःप्रवाहजन्य इजा

आतड्याची पुनःप्रवाहजन्य इजा म्हणजे काही काळ रक्तपुरवठा तुटलेल्या किंवा अपुरा झालेल्या आतड्यात रक्त पुन्हा वाहू लागल्यानंतर होणारी अतिरिक्त ऊतीहानी होय. रक्तपुरवठा तुटण्याच्या अवस्थेला मराठी परिभाषेत स्थानिक अरक्तता म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तिच्यासाठी इस्केमिया आणि रक्त परतण्यासाठी रीपर्फ्यूजन हे शब्द रूढ आहेत. अरक्ततेमुळे आतडे मरते, म्हणून रक्तप्रवाह पूर्ववत करणे हाच उपचार आहे. परंतु परत येणारे रक्त सोबत ऑक्सिजन आणि पांढऱ्या पेशी आणते, आणि उपाशी राहिलेल्या ऊतीला त्यांच्यापासूनही अपाय होतो. या इजेचे प्रमाण मुख्यतः अरक्तता किती वेळ टिकली आणि ती पूर्ण होती की अंशतः, यांवर ठरते. त्यामुळे हा विषय प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रापुरता राहत नाही. सातारा व सांगली यांसारख्या जिल्ह्यांत, जेथे काही गावांपासून मोठे रुग्णालय दोन-दोन तासांच्या अंतरावर आहे, तेथे तो प्रवासाच्या वेळेचाही प्रश्न ठरतो.

आतड्याचा रक्तपुरवठा

विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा पचनसंस्थेच्या अवयवांकडे जातो. जेवणानंतर हे प्रमाण वाढते. लघ्वांत्राचा बहुतेक भाग आणि बृहदांत्राचा उजवा भाग यांना ऊर्ध्व आंत्रबंध रोहिणी रक्त पुरवते. ही रोहिणी रुंद असून महारोहिणीपासून लघुकोनात खाली उतरते. हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी प्रवाहाबरोबर सरळ तिच्यात शिरते, याचे एक कारण ही रचना आहे.

आतड्याच्या भित्तीला मिळणाऱ्या रक्ताचा सर्वांत मोठा वाटा, साधारणतः ७० ते ८० टक्के, आतल्या श्लेष्मस्तराला मिळतो. या स्तरावर बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर असतात. प्रत्येक रसांकुराच्या मध्यातून एक बारीक रोहिणी टोकापर्यंत चढते आणि तेथून रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून खाली उतरते. चढणारा व उतरणारा हे दोन्ही प्रवाह एकमेकांच्या अगदी जवळून जात असल्याने चढत्या रक्तातील काही ऑक्सिजन टोकापर्यंत न पोचता मध्येच उतरत्या रक्तात झिरपतो. निरोगी अवस्थेत यामुळे बिघडत नाही. मात्र रक्तप्रवाह मंदावला की ही गळती वाढते आणि रसांकुराचे टोक सर्वांत आधी गुदमरते. अरक्ततेची पहिली खूण सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी टोकालाच दिसते ती यामुळे. रसांकुरांच्या तळाशी असलेल्या खाचांतील मूळ पेशी त्या मानाने सुरक्षित राहतात, आणि त्या वाचल्या तर आतड्याचे अस्तर पुन्हा तयार होऊ शकते. निरोगी आतड्यातही हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होत असते.

अरक्ततेच्या काळात घडणारे बदल

ऑक्सिजन मिळेनासा झाला की पेशींतील एटीपी या ऊर्जावाहक रेणूचा साठा झपाट्याने घटतो. पेशीच्या पटलावरील पंप बंद पडतात, सोडियम व कॅल्शियम आत शिरतात आणि पेशी फुगतात. शेजारच्या पेशींना घट्ट जोडून ठेवणारे सांधे सैल होतात. एटीपीचे टप्प्याटप्प्याने विघटन होऊन शेवटी हायपोझँथिन नावाचे द्रव्य साचत जाते. त्याच वेळी झँथिन डीहायड्रोजनेज या एंझाइमाचे काही प्रमाणात झँथिन ऑक्सिडेज या दुसऱ्या रूपात रूपांतर होते. पहिले रूप निरुपद्रवी असते. दुसरे रूप काम करताना ऑक्सिजन वापरते आणि त्यातून सुपरऑक्साइड हे अतिशय क्रियाशील मुक्त मूलक निर्माण करते. आतड्याचा श्लेष्मस्तर हा या एंझाइमाचा शरीरातील एक मोठा साठा आहे.

अरक्तता चालू असेपर्यंत ही अभिक्रिया होऊ शकत नाही, कारण ऑक्सिजनच नसतो. सरपण रचून तयार असते, फक्त काडी ओढलेली नसते.

रक्त परतल्यावर

रक्त परतताच ऑक्सिजन, हायपोझँथिन आणि झँथिन ऑक्सिडेज एकत्र येतात. सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. लोहाच्या सान्निध्यात त्यांपासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते. हे मूलक पेशीपटलातील मेदद्रव्ये, प्रथिने आणि डीएनए या सर्वांवर हल्ला करते. मुक्त मूलकांचा दुसरा उगम तंतुकणिकांत असतो. अरक्ततेत तेथे सक्सिनेट साचते आणि ऑक्सिजन परतल्यावर त्याच्या झपाट्याने होणाऱ्या ऑक्सिडीकरणातून सुपरऑक्साइड बाहेर पडते. उंदरांच्या निरनिराळ्या अवयवांवर केलेले याविषयीचे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर या क्षेत्रातील बराच भर एंझाइमाकडून तंतुकणिकांकडे सरकला.

तथापि सर्वांत मोठी हानी बहुधा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमुळे होते. मुक्त मूलकांच्या पहिल्या लाटेने रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर चेतवला जातो. त्याच्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन व आयसीएएम-१ यांसारखे चिकट रेणू येतात. वाहत्या रक्तातील न्यूट्रोफिल प्रथम त्यांवर घरंगळतात, मग घट्ट चिकटतात आणि भिंत ओलांडून ऊतीत शिरतात. तेथे ते स्वतःची प्रथिनभंजक एंझाइमे आणि आणखी मुक्त मूलके सोडतात. जंतूंशी लढण्यासाठी असलेली ही शस्त्रे येथे स्वकीयांवरच चालतात. चिकटलेल्या पेशी आणि सुजलेला अंतःस्तर यांमुळे बारीक केशवाहिन्या तुंबतात. परिणामी मोठ्या रोहिणीत नाडी जाणवत असूनही श्लेष्मस्तराच्या काही भागांत रक्त पोचतच नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर आतडे गुलाबी झालेले पाहून जो दिलासा मिळतो, तो म्हणूनच नेहमी पूर्ण खरा नसतो.

याखेरीज अंतःस्तरातील नायट्रिक ऑक्साइड घटल्याने रक्तवाहिन्या आकसतात. रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी कार्यान्वित होते, आणि केशवाहिन्या पाझरू लागल्यामुळे आतड्याची भिंत पाण्याने सुजते.

संशोधनाचा इतिहास

रक्त परतल्यावर ऊतीत होणाऱ्या बदलांकडे प्रथम हृदयाच्या संदर्भात लक्ष गेले. १९६० मध्ये रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयावरील प्रयोगांतून या बदलांचे वर्णन केले. आतड्यातील हानी मोजण्यासाठी १९७० मध्ये चियू आणि सहकाऱ्यांनी ० ते ५ अशी श्रेणी मांडली. तीत ० म्हणजे निरोगी रसांकुर. पुढच्या श्रेणींत अस्तर टोकापासून सुटत जाते, चौथ्या श्रेणीत रसांकुर उघडे पडतात आणि पाचव्या श्रेणीत ऊती विरघळून रक्तस्राव व व्रण दिसतात. आजही प्रयोगशाळांतून हीच श्रेणी किंवा तिची सुधारित रूपे वापरली जातात.

निर्णायक वळण १९८१ मध्ये आले. नील ग्रेंजर, जिओर्जिओ रुतिली आणि जो मॅककॉर्ड यांनी मांजराच्या आतड्यातील रक्तप्रवाह काही काळ बराच कमी केला आणि नंतर पूर्ववत केला. सुपरऑक्साइड नष्ट करणारे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एंझाइम आधी दिलेल्या प्राण्यांत केशवाहिन्यांचा पाझर लक्षणीय घटला. मॅककॉर्ड यांनीच अर्विन फ्रिडोविच यांच्यासह १९६९ मध्ये या एंझाइमाचे कार्य उघड केले होते. १९८६ मध्ये पार्क्स व ग्रेंजर यांनी एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजरांच्या एका गटात आतडे चार तास अरक्त ठेवले. दुसऱ्या गटात ते तीन तास अरक्त ठेवून चौथ्या तासाला रक्त परत सोडले. एकूण वेळ तितकाच होता आणि दुसऱ्या गटाला रक्त तर एक तास आधीच मिळाले होते. तरीही श्लेष्मस्तराची हानी दुसऱ्या गटात अधिक निघाली. पुनःप्रवाह ही स्वतंत्र इजा आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा पूर्वी नव्हता.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना एक सावधगिरी आवश्यक आहे. हे प्रयोग मुख्यतः अंशतः आणि मध्यम कालावधीच्या अरक्ततेचे होते. रक्तपुरवठा पूर्ण तुटून बराच वेळ गेला असेल तर आतडे अरक्ततेनेच मेलेले असते आणि पुनःप्रवाहाला बिघडवण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणजे पुनःप्रवाहाचा वाटा सर्वांत मोठा असतो तो वाचवता येण्याजोग्या आतड्यात. रक्त परत सोडूच नये, असा अर्थ या प्रयोगांतून कोणत्याही परिस्थितीत निघत नाही. झँथिन ऑक्सिडेजच्या कहाणीतही पुढे दुरुस्ती झाली. एंझाइमाचे रूपांतर काही क्षणांत होते, असे आरंभीच्या अहवालांत म्हटले होते. नंतरच्या मोजमापांत ते बरेच सावकाश आणि अपुरे होते असे आढळले.

प्राण्यांवरून माणसाविषयी किती सांगता येते, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त येथील गटाने २००८ मध्ये त्याला उत्तर दिले. स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत लघ्वांत्राचा एक छोटा तुकडा तसाही काढून टाकावा लागतो. रुग्णांच्या संमतीने तोच तुकडा काढण्यापूर्वी ३० मिनिटे अरक्त ठेवून मग त्यात रक्त सोडण्यात आले. रसांकुरांच्या टोकांवरील इजा झालेल्या पेशी आतड्याच्या पोकळीत टाकून दिल्या गेल्या आणि उरलेल्या पेशींनी पसरून उघडा भाग दोन तासांच्या आत झाकला. मानवी आतडे अल्पकाळची अरक्तता उंदराच्या आतड्यापेक्षा चांगली सोसते, असे यावरून दिसते. अर्थात प्रत्यक्ष रुग्ण ३० मिनिटांत शस्त्रक्रियेपर्यंत पोचत नाहीत.

आतड्याबाहेरील परिणाम

या इजेतून होणारे मृत्यू पुष्कळदा आतड्यामुळे न होता फुप्फुस, मूत्रपिंड व यकृत निकामी झाल्याने होतात. आतड्याचे अस्तर ही जंतूंनी भरलेली पोकळी आणि रक्त यांमधील भिंत आहे. ती ढासळली की जंतूंची विषद्रव्ये प्रवेशिका नीलेतून यकृताकडे जातात. चेतवलेले न्यूट्रोफिल व दाहकारक द्रव्ये सर्व शरीरात पसरतात. जिवंत जंतूच रक्तात शिरून अनर्थ घडवतात, असे १९८० च्या दशकात मानले जात होते. परंतु १९९१ मध्ये गंभीर अपघातग्रस्तांच्या प्रवेशिका नीलेतील रक्त तपासले असता त्यात जंतू क्वचितच सापडले. त्यानंतर लक्ष आतड्यातून निघणाऱ्या लसीकेकडे गेले. ही लसीका यकृताला वळसा घालून थेट छातीतील नीलेत मिसळते आणि तिला प्रथम भेटणारे मोठे केशवाहिनीजाल फुप्फुसांचे असते. प्राण्यांमध्ये ही लसीकावाहिनी आधीच बांधून टाकल्यास फुप्फुसांची हानी टळते, असे आढळले आहे.

कारणे

आतड्याची अरक्तता अनेक मार्गांनी येते. हर्नियात अडकलेले आतडे, आतड्याला पडलेला पीळ, आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा आतड्याच्या क्षयरोगानंतर तयार झालेल्या पट्ट्यांत सापडलेले आतडे ही भारतातील शल्यचिकित्सकांना वारंवार दिसणारी कारणे आहेत. यांत प्रथम पातळ भिंतीच्या नीला दाबल्या जातात. रक्त आत येते पण बाहेर जात नाही, आतडे जांभळे होऊन सुजते, आणि मग रोहिणीही बंद पडते. दुसऱ्या गटात रोहिणीतील गुठळी येते. तिचा उगम बहुधा हृदयात असतो. कर्णिकांचे स्फुरण अनियमित झालेल्या रुग्णांत, तसेच संधिवाताच्या तापामुळे झडपा आकुंचन पावलेल्या रुग्णांत हा धोका अधिक असतो. नीलेतील गुठळी, तीव्र रक्तस्राव किंवा निर्जलीकरणाने आलेला आघात, हृदय-फुप्फुस यंत्रावर होणाऱ्या शस्त्रक्रिया आणि आतड्याचे प्रत्यारोपण ही इतर कारणे होत.

लक्षणे व निदान

रोहिणी अकस्मात बंद झाल्यास रुग्णाला असह्य वेदना होतात, पण पोट तपासल्यावर ते मऊच लागते. वेदना आणि तपासणी यांतील ही विसंगती हेच सर्वांत महत्त्वाचे चिन्ह आहे आणि तेच सर्वाधिक वेळा नजरेतून निसटते. पोट कडक होणे, ताप, रक्तमिश्रित शौच ही लक्षणे उशिरा येतात. तोपर्यंत आतडे बहुधा काळे पडलेले असते. काही तासांनी वेदना कमी झाल्यासारखी वाटते; हे सुधारणेचे लक्षण नसून आतड्यातील चेता मेल्याचे असू शकते. रक्तातील लॅक्टेट वाढलेले आढळते, परंतु आरंभी ते प्राकृतही असते. निदानासाठी सीटी अँजिओग्राफी ही आज सर्वांत उपयुक्त तपासणी मानली जाते. जागतिक आपत्कालीन शल्यचिकित्सा संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदानातील दर सहा तासांच्या विलंबाने मृत्यूचे प्रमाण दुप्पट होते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील संदर्भ

या दोन जिल्ह्यांतील शल्यचिकित्सेची परंपरा जुनी आहे. कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यचिकित्सक विल्यम जेम्स वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. रेल्वेच्या जंक्शनमुळे तेथे दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातून रुग्ण येऊ लागले आणि मिरज हे रुग्णालयांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. सांगली-मिरज दरम्यानच्या वानलेसवाडीला त्यांचेच नाव आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय त्याला जोडलेले आहे. सातारा जिल्ह्यात कराडचे कृष्णा वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आणि साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय ही मोठी केंद्रे होत.

नकाशावर पाहिल्यास ही केंद्रे पुणे-बंगळूर महामार्ग व कृष्णेच्या खोऱ्यालगत एका पट्ट्यात आहेत. पश्चिमेकडील पाटण, जावळी व महाबळेश्वर तालुक्यांतील डोंगरी वस्त्या आणि पूर्वेकडील माण, आटपाडी व जत तालुक्यांतील विरळ गावे या पट्ट्यापासून दूर राहतात. जत शहरापासून मिरज सुमारे ८० किलोमीटर आहे. त्यात गावापासून जतपर्यंतचा रस्ता धरलेला नाही. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. पण रुग्णवाहिका बोलावण्यापूर्वीचा वेळच बहुधा अधिक असतो. पोटातील तीव्र कळ म्हणजे वायगोळा, असे समजून ओवा, शेक, पोट चोळणे असे उपाय होतात. मग गावात एखादे इंजेक्शन घेतले जाते आणि रात्र काढली जाते. साध्या पोटदुखीत हे उपाय चालून जातात. अडकलेल्या आतड्याच्या बाबतीत मात्र याच काळात हायपोझँथिन साचत असते आणि रसांकुरांचे अस्तर सुटत असते. अडकलेला हर्निया घरी जोराने दाबून आत ढकलणे विशेष धोक्याचे असते. त्यामुळे मृतप्राय आतडे पोटात जाते, बाहेरची गाठ दिसेनाशी होते आणि इजा झालेल्या भागातील रक्त सर्व शरीरात मोकळे होते.

सीटी अँजिओग्राफी तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. म्हणून वयस्क रुग्ण, अनियमित नाडी आणि पोट मऊ असूनही असह्य वेदना, एवढ्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तरी रुग्णाला विनाविलंब मोठ्या केंद्राकडे पाठवणे योग्य ठरते. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नसते.

उपचार

प्रथम शिरेतून द्रव, ऑक्सिजन, प्रतिजैविके आणि गुठळी असल्यास हेपारिन दिले जाते. त्यानंतर कारणानुसार पीळ सोडवणे, हर्निया मोकळा करणे, रोहिणी उघडून गुठळी काढणे किंवा नलिका घालून ती विरघळवणे अथवा ओढून काढणे हे मार्ग असतात. मोकळे केलेले आतडे उबदार सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून काही मिनिटे वाट पाहिली जाते. रंग, हालचाल आणि आंत्रबंधातील नाडी यांवरून ते ठेवायचे की काढायचे हे ठरते. शंका असल्यास २४ ते ४८ तासांनी पोट पुन्हा उघडून पाहिले जाते, कारण पुनःप्रवाहाची हानी पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी पुरती प्रकट झालेली नसते.

पुनःप्रवाहाच्या ज्ञानाचा शस्त्रक्रियेवर थेट परिणाम झालेले एक उदाहरण म्हणजे बृहदांत्राच्या पिळाचे होय. पिळलेला भाग उघडपणे काळा पडला असेल तर तो न सोडवता तसाच काढून टाकावा, असे शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. पीळ सोडवल्यास तेथे साचलेली विषद्रव्ये, पोटॅशियम आणि आम्ले एकदम रक्तात येतात आणि रुग्णाचा रक्तदाब टेबलावरच कोसळू शकतो.

औषधांच्या बाबतीत चित्र निराशाजनक आहे. झँथिन ऑक्सिडेज रोखणारे ॲलोप्युरिनॉल, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, एन-ॲसिटिलसिस्टीन, न्यूट्रोफिल चिकटू न देणारी प्रतिपिंडे अशा अनेक उपायांनी प्राण्यांत चांगले परिणाम दाखवले. माणसातील आतड्याच्या या इजेवर नित्य वापरले जाणारे एकही औषध त्यांतून निघालेले नाही. प्रयोगात बहुतेक औषधे अरक्ततेच्या आधी दिली जातात आणि रुग्ण मात्र अरक्ततेनंतर येतो, हे त्यामागचे एक स्पष्ट कारण आहे. १९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयात आढळलेली पूर्वसिद्धता ही कल्पनाही याच अडचणीत सापडते. तीत अगोदर काही मिनिटांचे छोटे अरक्ततेचे टप्पे देऊन ऊतीला मोठ्या आघातासाठी तयार केले जाते. आतड्यातही प्राण्यांमध्ये तिचा लाभ दिसतो, पण ज्याची वेळ आधी माहीत असते अशा नियोजित शस्त्रक्रियेतच ती शक्य आहे.

वेळ आधी माहीत असलेली अशी एक परिस्थिती म्हणजे प्रत्यारोपण. काढलेले आतडे शीत द्रावणात ठेवले तरी मूत्रपिंडाच्या तुलनेत ते फार थोडा वेळ टिकते. सातारा व सांगली जिल्हे अवयवदानाच्या समन्वयासाठी पुणे येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतात. दात्याच्या शरीरात रोहिणीवर चिमटा बसल्यापासून ग्राहकाच्या शरीरात तो सुटेपर्यंतचा काळ आतड्यासाठी इतर बहुतेक अवयवांपेक्षा काटेकोरपणे मोजावा लागतो.